एक सुई जास्त

आमच्या कारखान्यातून घरी निघताना प्रत्येकाने दाराजवळच्या लोहचुंबकाच्या पाटावर चपला दोनदा घासायच्या, असा नियम आहे. तळाला चिकटलेली सुई तिथेच राहावी म्हणून. सुया राहतात. किस्से मात्र चुंबकाला लागत नाहीत, ते चपलांबरोबर घरी येतात! माझ्याकडे एकोणीस वर्षांचे साठलेत. नवरा म्हणतो, "वैशाली, तुझं ऐकलं की भात चाचपून खावासा वाटतो."

तर आधीच सांगून ठेवते. भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. मी बीएस्सी, क्वालिटी डिपार्टमेंटची बाई. माझा विश्वास फक्त मोजणीवर. आता ऐका आणि मग काय ते तुमचं तुम्ही ठरवा.

आम्ही ऑपरेशनच्या टाक्यांच्या सुया बनवतो. वसई पूर्वेच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा गाळा आहे. या सुया वाकड्या असतात आणि त्यांना नेढं नसतं. मागच्या टोकाला बारीक भोक पाडून त्यातच दोरा दाबून बसवायचा. बाकी सगळी करामत पुढच्या टोकाची.

*

मी मुलाखतीला गेले तेव्हा मालक हेमंत साहेबांनी दोन प्रश्न विचारले आणि मला टूलरूममध्ये जोसेफ अंकलकडे पाठवलं. अंकल म्हणजे आमच्या सुयांची टोकं घासणारा माणूस. शिक्षण आठवी, पण कंपनीतली प्रत्येक नवी सुई त्यांच्या डोक्यातून निघालेली.

त्यांनी माझ्या हातात एक केळं ठेवलं. मला वाटलं, किती प्रेमळ लोक आहेत! मी सोलायला घेतलं तर ओरडले, "खाऊ नको गो, शिव!"

हेमंत साहेबांच्या भावाची समुद्राकडे केळ्यांची वाडी आहे. दर आठवड्याला एक घड कारखान्यात यायचा, तो सुया तपासायला. केळ्याची साल माणसाच्या कातडीसारखी शिवता येते. मी चिमट्यात सुई धरली आणि सालीत घातली. अंकल डोळे मिटून ऐकत होते. 'टक्' असा एवढासा आवाज आला.

"बोलली," अंकल म्हणाले आणि सुई भंगाराच्या बरणीत टाकली. "आत जाताना सुई बोलली म्हंजे लागली. सुई मुकी पायजे."

मी नवी पदवीधर, गप्प कशी बसणार? म्हटलं, "अंकल, पेशंटला भूल दिलेली असते."

"पेशंटला देतात," ते म्हणाले. "कातडीला कोन देतं?"

नोकरी मिळाली. पण त्या रात्री घरी आईला फाटलेली उशी शिवताना पाहिलं आणि मला तिथे बसवेना. प्रत्येक टाक्याला सुई बोलत होती.

*

अंकलची बायको फिलोमिना, आमची फिलू आंटी, तपासणीच्या बेंचवर बसायची. भिंगाखाली एकेक सुई बघून खराब असेल ती बाजूला काढायची. डाव्या डोळ्याने तिला जन्मापासून फक्त उजेड आणि अंधार कळायचा. सगळी भिस्त उजव्यावर.

आणि त्याच उजव्यात एक दिवस नारळाच्या झावळीचं टोक गेलं. जखम चिघळली आणि बुबुळावर पांढरा डाग पडला. डॉक्टरांनी दान मिळालेलं बुबुळ बसवलं, पण आंटीच्या डोळ्याची कड ओल्या पापडासारखी झाली होती. टाका घातला की तिथेच फाटायची. बसवलेलं बुबुळ टिकलं नाही.

महिनाभर रजा काढून आंटी पुन्हा बेंचवर हजर! मी म्हटलं, "आंटी, दिसत नाही तर तपासणार कशी?"

तिने सुईचं टोक अंगठ्याच्या नखावर अलगद ओढलं. "अडली तर धार हाय. घसरली तर नाय."

माझा विश्वास बसेना. तिने काढलेल्या सगळ्या सुया मी मायक्रोस्कोपखाली घातल्या. सगळ्या खरोखरच खराब. मग मी आगाऊपणा केला. तिच्या डबीत गुपचूप एक परदेशी सुई टाकली, आमच्याच मापाची. ती नखावर येताच आंटी थांबली.

"ही आपली नाय," ती म्हणाली. "कोनाची गो? घरचे शोधत असतील."

मी हसले, पण दिवसभर त्या सुईकडे बघवलं नाही.

*

हा किस्सा माझ्या जिवाला लागलेला आहे.

आंटीला पुन्हा दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "अजून एकदाच करता येईल. तेही फाटलं तर कड उरणार नाही, आणि मग काहीच करता येणार नाही. याहून मऊ जाणारी सुई मिळेपर्यंत आपण थांबू."

अंकल तिथून थेट कारखान्यात आले. ग्राइंडर सुरू केला आणि सुई घासायला बसले. रागाच्या भरात चाकाचा स्विच उलट्या बाजूला पडला होता, तेही त्यांच्या लक्षात आलं नाही. मग ती सुई वाकवून बघताना मोडली. तीन तुकडे.

आमचा दुसरा नियम असा, की मोडलेल्या सुईचे सगळे तुकडे जुळल्याशिवाय जागेवरून कोणी उठायचं नाही. दोन तुकडे सापडले. टोक सापडेना. सगळ्यांनी टेबलं, कपडे, केस, सगळं तपासलं. जेवणाची सुट्टी निघून गेली. सुया मोजणारी सुलभा नायगावकडच्या मिठागराच्या गावातली, दोन पोरांची आई. तिने हात जोडले, "मॅडम, पानी तरी पिऊ द्या!"

"नाही," मी म्हटलं.

तासाभराने तीच ओरडली, "अंकल, तुमच्या अंगठ्याला बगा!"

अंगठ्यावर रक्ताचा एक ठिपका होता. टोक आत होतं. तासभर ते त्याच अंगठ्याने सगळीकडे चाचपत होते!

"दुखलं नाही?" मी विचारलं.

अंकल अंगठ्याकडे बघत राहिले. "दुकली नाय," ते हळूच म्हणाले. "बोलली पन नाय." आणि मग एकदम ओरडले, "ही! हीच पायजे! हात नको लावू, आदी माप घे!"

पण तोवर मी चिमटा लावून टोक ओढलंही होतं. अंगठ्यातून बाहेर येताना ते वाकलं. आता त्याचं माप घेता येणार नव्हतं. आंटीचा डोळा माझ्या चिमट्यात वाकडा होऊन पडला होता, असंच मला वाटलं, आणि अजून वाटतं.

अंकल मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

*

चाक उलटं फिरत होतं हे त्या संध्याकाळी कळलं, आणि पुढे सात वर्षं तो माणूस रोज शिफ्ट संपल्यावर अर्धा तास चाक उलटं फिरवून सुया घासायचा. डोळ्याच्या बारीक सुयांना केळं चालत नाही, कांद्याचा पापुद्रा लागतो. घरचे सगळे कांदे पापुद्र्यांसाठी सोललेले असायचे. "आमच्या घरी कालवन कांद्याचं, भाजी कांद्याची, आनि जेवताना रडतो तो पन कांद्यामुलंच," आंटी सांगायची.

रोज एक सुई पापुद्र्यात जायची. रोज अंकल म्हणायचे, "बोलली."

मग एका पहाटे ते झोपेतच गेले. गावच्या चर्चमध्ये मिस्सा झाली, दफन झालं, आम्ही सगळे हजर होतो. परत निघताना दारात आम्ही बाराच्या बारा जणांनी चपला पायपुसण्यावर दोनदा घासल्या! सवय हो. फादर बघतच राहिले.

सुलभा मात्र खाली वाकली. पायपुसण्यात एक सुई उभी होती.

"आपल्याच कोणाच्या तरी चपलेची," मी म्हटलं. कारखान्यात नेऊन कटरने तोडली, वहीत नोंद केली, सही केली. मायक्रोस्कोपखाली घालून बघितली नाही. तेवढं करायला हवं होतं.

*

अंकलचा ग्राइंडर बंदच ठेवला होता. पहिल्या सोमवारी सकाळी बघते तर स्विच उलट्या बाजूला. रविवारी कारखाना बंद असतो. मी स्विच सरळ केला आणि इलेक्ट्रिशियनला झापलं.

दुसऱ्या सोमवारी पुन्हा उलटा. मी टूलरूमला कुलूप लावून किल्ली पर्समध्ये टाकली आणि तुळिंजला घरी घेऊन गेले. तिसऱ्या सोमवारी पुन्हा तेच.

मग मी माझ्या पद्धतीने बंदोबस्त केला. स्विच सरळ करून त्यावर कागदी पट्टी चिकटवली. पट्टीवर अर्धी, मशीनवर अर्धी, अशी सही केली. पट्टी हलली तर सही तुटणारच.

चौथ्या सोमवारी सही जशीच्या तशी होती. पट्टीही घट्ट. पट्टीच्या आत स्विच उलटा होता.

हेमंत साहेब म्हणाले, "वैशाली, आता काय करायचं?"

मी म्हटलं, "वायरिंग बदला." दुसरं काय म्हणणार! वायरिंग बदललं. सोमवार काही बदलला नाही.

*

आता मोजणीचं.

आमचा एक लॉट पाचशे सुयांचा. तार कापणाऱ्या मशीनवर आकडा दिसतो, पाचशे म्हणजे पाचशे. शेवटी सुलभा मोजते. कमी भरल्या तर मोडलेल्यांची नोंद सापडते. अंकलना जाऊन महिना झाल्याची मिस्सा झाली त्या आठवड्यात सुलभा येऊन उभी राहिली. "मॅडम, पाचशे एक."

"पुन्हा मोज," मी म्हटलं.

तिने तीनदा मोजलं. मग मी मोजलं. मग हेमंत साहेबांनी मोजलं. पाचशे एक! सुलभा म्हणाली, "मोजून मोजून डोलं फुटलं मॅडम, पन ती काय जात नाय."

खरं सांगू? सुई हरवली तर मला घाम फुटतो, पण भीती वाटत नाही. हरवलेली सुई कुठे तरी असते. जास्तीची सुई कुठून आली, हे कोणाला विचारणार?

ती एक सुई ओळखायला वेळ लागला नाही. मायक्रोस्कोपखाली तिचं टोक वेगळंच होतं, उलट्या चाकावर घासल्यासारखं. पण आमचं नियमांचं पुस्तक सांगतं, ज्या वस्तूची नोंद नाही ती नष्ट करा. मी कटर लावला.

पुढच्या लॉटलाही एक जास्त. तीही तोडली. तिसऱ्या वेळी हेमंत साहेबांनी माझा हात धरला. त्यांनी कांदा मागवला, पंखा बंद केला आणि सुई पापुद्र्यात घातली. साहेब, सुलभा आणि मी कान लावून बसलो. सुई आत गेली, बाहेर आली. वीसदा गेली. कांदा हललासुद्धा नाही.

"वैशाली," साहेब कुजबुजले, "माप घे."

या वेळी मी चिमटा दूर ठेवला. सुईला स्पर्श न करता पडद्यावर तिची सावली मोठी करून टोकाचा कोन मोजला. आकडे मी सांगत गेले, सुलभाने लिहिले. त्यावरून ड्रॉइंग झालं, सुई झाली, लायसन्ससाठी अर्ज गेला. अर्जात 'डिझाइन कोणी केलं' असा रकाना होता. साहेबांनी तिथे अंकलचं नाव लिहिलं आणि पुढे 'कै.' लावायचं विसरले.

आमची नवी सुई चांगली झाली. डॉक्टरांनाही पसंत पडली. पण सुलभाने पापुद्र्याला कान लावला आणि मान हलवली. "अंकलची बोलत नव्हती. आपली कुजबुजते."

माप घेतलेली ती मूळ सुई? तोडली मी. साहेब चिडले, सुलभा रडली. मी त्यांना नियम दाखवला.

*

लायसन्स आलं. आंटीच्या ऑपरेशनसाठी बारा सुया बाजूला काढायच्या ठरल्या. मी स्वतः मोजून ट्रेमध्ये ठेवल्या आणि म्हटलं, एकदा तिलाच तपासू दे. शेवटी डोळा तिचा.

आंटी नखावर एकेक ओढत गेली. "चांगली. चांगली. ही पन चांगली." मग एका सुईपाशी तिचा हात थांबला. तिच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"ही जोसेफची," ती म्हणाली.

मी ट्रेमधल्या सुया मोजल्या. बारा होत्या. तिच्या हातातली तेरावी.

"ही घाल गो माज्या डोल्यात."

"आंटी, हिची नोंद नाही. लॉट नंबर नाही. कुठून आली माहीत नाही. मी हिच्यावर सही कशी करू?"

"तू सही नको करू," ती म्हणाली. "तू नुसती मोज."

मी तिच्या हातातून सुई घेतली आणि कटर दाबला. तिला दिसलं नाही, पण आवाज कानावर गेला. सुई मुकी होती, कटर नव्हता. आंटीने डोळे पुसले आणि उरलेल्या सुया तपासायला घेतल्या. एकोणीस वर्षांत मला माझ्या नोकरीची लाज वाटली ती त्या दिवशी.

*

त्या बारा सुयांना दोरे बसवले. एका पाकिटात एक, अशी बारा पाकिटं सीलबंद आणि निर्जंतुक करून ठेवली. दोन महिन्यांनी डॉक्टरांचा फोन आला. बुबुळ मिळालं होतं.

सकाळी हॉस्पिटलमध्ये पाकिटं देण्याआधी मी एकेक उजेडात धरून बघितलं. पाकिटाच्या पारदर्शक बाजूतून सुई दिसते. बारा पाकिटं, बारा सुया. मग मी आणि हेमंत साहेब बाहेरच्या बाकावर बसलो. साहेबांनी माळ काढली आणि मी मनातल्या मनात आकडे मोजत बसले. मला दुसरं काही येत नाही.

दीड तासाने डॉक्टर बाहेर आले. मास्क गळ्यात, चेहरा घामाने भिजलेला.

"झालं," ते म्हणाले. "सोळा टाके. एकही फाटला नाही."

हेमंत साहेब रडायलाच लागले. डॉक्टर माझ्याकडे वळले. "खरं सांगू का मॅडम? पहिल्या तीन सुया नुसत्या हातात घेऊन ठेवून दिल्या. सुया चांगल्या होत्या, पण ती कड बघून माझाच धीर होईना. चौथी हातात आली आणि... ती आत कधी गेली तेच कळलं नाही. सोळाही टाके तिनेच घातले. तसल्या अजून आहेत का?"

मी उत्तर देणार तेवढ्यात आतून सिस्टर आली. तिच्या हातात ट्रे होता, ट्रेमध्ये छोटा चुंबकाचा पॅड आणि पॅडवर ओळीने लावलेल्या सुया. तिघींचे दोरे अख्खे होते, चौथीला फक्त उरलेला तुकडा.

"मॅडम, तुम्ही सुयांच्या कंपनीच्या ना?" तिने विचारलं. "पाकिटं मी स्वतः उघडली. तीन उघडली. नऊ तशीच सीलबंद आहेत. आणि सुया चार आहेत. मोजणी जुळल्याशिवाय मला फॉर्म बंद करता येत नाही. मी काय लिहू?"

मी पॅडवर वाकले. मायक्रोस्कोप लागलाच नाही. तीन सुयांच्या टोकांवर दिव्याची तिरीप एका बाजूने चमकत होती, चौथीच्या टोकावर उलट्या.

मी सिस्टरच्या हातातून फॉर्म घेतला, पेन घेतलं आणि 'मोजणी बरोबर' असं लिहून खाली पूर्ण सही केली.

"अहो मॅडम," सिस्टर म्हणाली, "पाकिटं तीन आणि सुया चार. हे बरोबर कसं?"

"बरोबर आहे, सिस्टर," मी म्हटलं. "आमच्याकडे एक जास्त येते."